काटा आणि कातडी

सोरायसिस आणि वाढलेलं वजन यांचं नातं आहे, हे आता पक्कं झालंय. पण 'आधी बारीक हो, मग बघू' एवढं सांगून काम भागतं का? एका काळ्या शर्टाची आणि एका वजनकाट्याची ही गोष्ट.

माझ्या मावसभावाच्या कपाटात एक काळा शर्ट आहे. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या खरेदीत लक्ष्मी रोडवर घेतलेला. परवापरवापर्यंत त्याचा टॅगसुद्धा निघाला नव्हता. "घालत का नाहीस रे?" विचारलं की दादा म्हणायचा, "होत नाही गं आता." हे खरं होतं, पण अर्धंच. शर्ट पोटावर घट्ट झाला होता, मान्य. उरलेलं अर्धं कारण त्याच्या खांद्यावर होतं. डोक्यातून पडणारा पांढरा भुगा. पांढऱ्या, क्रीम किंवा फिक्या निळ्या शर्टावर तो खपून जातो. काळ्यावर? बॉस, पाच मिनिटांत पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसतं.

दादा ३३ वर्षांचा आहे. हिंजवडीत आयटीत आहे, टीम लीड आहे, लग्नाचं बघणं चालू आहे. "नाव सोडून काय हवं ते लिही," म्हणाला. त्याला सोरायसिस आहे. पहिला चट्टा आला तेव्हा तो २५ चा होता, उजव्या कोपरावर, रुपयाच्या नाण्याएवढा. तेव्हा वजन होतं ६८ किलो. मग नाइट शिफ्ट आली, प्रमोशन आलं, रात्री दीडची बिर्याणी आली. ३१ व्या वर्षी काटा ९२ वर गेला. आणि चट्टे? दोन्ही कोपरं, गुडघे, पाठ, टाळू. दोन्ही आलेख हातात हात घालून वर चढले.

आता आपल्याकडे कसं असतं, नातेवाईक हे अर्धे डॉक्टर आणि उरलेले अर्धे डाएटिशियन. "वांगं सोड." "दही बंद कर." "उष्णता आहे अंगात." आणि हमखास येणारं वाक्य, "आधी ते पोट कमी कर, कातडी आपोआप साफ होईल." गंमत म्हणजे एका डॉक्टरांनीही जवळपास हेच सांगितलं. चार मिनिटांत तपासलं, मलम लिहिलं आणि म्हणाले, "पहिलं वजन उतरवा, मग या."

या सगळ्यात खरं किती आणि टोमणा किती? याच प्रश्नाच्या मागे लागून हा लेख झाला.

आधी ओळख करून घेऊ

सोरायसिस म्हणजे खरूज नाही, गजकर्ण नाही आणि कोडही नाही. तो स्वच्छता न राखल्याने होत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. हात मिळवा, एका ताटात जेवा, एकाच टॉवेलला अंग पुसा, काही होत नाही.

मग होतं काय? आपल्या त्वचेच्या वरच्या थरातली पेशी खाली तयार होते, हळूहळू वर सरकते आणि गळून पडते. या प्रवासाला एरवी साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये तो तीन ते पाच दिवसांत उरकतो. पेशी अर्धवट तयार होऊनच वर येतात, एकमेकींवर साचतात आणि लाल चट्ट्यावर चंदेरी पापुद्रे दिसायला लागतात. आपल्या सावळ्या कातडीवर हा चट्टा लाल दिसण्यापेक्षा कधी कधी जांभळट किंवा काळपट दिसतो. ही घाई करायला पेशींना कोण सांगतं? आपलीच प्रतिकारशक्ती. बाहेरचा शत्रू नसतानाही ती लढाईच्या मूडमध्ये असते आणि शरीरात सूज पेटती ठेवते.

म्हणूनच हा नुसता स्किनचा प्रॉब्लेम नाही. बऱ्याच जणांचे सांधेही दुखायला लागतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, फॅटी लिव्हर यांचं प्रमाण या पेशंट्समध्ये जास्त आढळतं. मे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने सोरायसिसवर खास ठराव केला. या आजाराच्या लोकांना मिळणारी वाईट वागणूक थांबवण्यासाठी प्रयत्न करा, असं त्यात देशांना सांगितलं. म्हणजे बघा, त्रास केवळ खाजेचा असता तर जिनिव्हात बसून कोणी ठराव केला नसता. ग्लॅमरच्या दुनियेत किम कार्दाशियनने २०११ मध्ये आपल्याला सोरायसिस असल्याचं टीव्हीवर सांगून टाकलं, तेव्हा अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

पोट बोलतं, त्वचा ऐकते

आता वजन इथे येतं कुठून? आपण चरबीला गोडाऊन समजतो. उरलेला माल आणून टाकायचा, अडीनडीला काढायचा. पण चरबी गोडाऊन नाही, ते एक ऑफिस आहे, चोवीस तास मेल पाठवत बसलेलं.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा नावाचा रेणू जादा प्रमाणात तयार होताना सापडला. हा रेणू म्हणजे सुजेचा निरोप्या. चरबीच्या पेशी फुगल्या की त्यांच्या आसपास प्रतिकारशक्तीच्या पेशी जमतात आणि टीएनएफ, आयएल-६ असे निरोप रक्तात सुटत राहतात. भूक सांभाळणारं लेप्टिन नावाचं संप्रेरकही वाढतं आणि तेही सुजेच्याच बाजूने मत देतं. आता योगायोग बघा. सोरायसिसच्या चट्ट्यात आग लावणाऱ्या रेणूंमध्येही हाच टीएनएफ आहे. पुढे त्याला अडवणारी इंजेक्शनं सोरायसिसवरची मोठी औषधं ठरली.

थोडक्यात, ज्याच्या त्वचेत आधीच निखारा आहे त्याच्या पोटावरची चरबी वारा घालते. निखारा तिने आणलेला नसतो, तो बहुतेकदा जन्मतःच जनुकांमधून आलेला असतो. पण वारा घातला की तो भडकतो.

याशिवाय साधं गणितही आहे. वजन वाढलं की घड्या वाढतात. काख, जांघा, पोटाखाली, स्तनांखाली. तिथे घाम, घर्षण आणि ओल. सोरायसिसची एक खोड अशी की जिथे कातडी खरचटते, घासते, तिथे तो नवा चट्टा काढू शकतो. घड्यांमधल्या सोरायसिसवर पापुद्रे नसतात, नुसता लालभडक गुळगुळीत डाग असतो. लोकांना तो घामोळं किंवा बुरशी वाटतो. मग मेडिकलमधून 'ते सगळ्यावर चालणारं' मलम येतं. त्याबद्दल पुढे बोलूच.

कोंबडी आधी की अंडं?

इथे कोणीही हुशार वाचक विचारेल, उलटंही असेल ना? चट्टे आले म्हणून माणूस जिम सोडतो, स्विमिंग सोडतो, चारचौघांत जाणं टाळतो, घरी बसून खातो आणि जाड होतो. दादाचं अगदी असंच झालं होतं. सोसायटीच्या पूलमध्ये एकदा एक काका त्याच्या पाठीकडे बघून आपल्या मुलाला पाण्याबाहेर काढून घेऊन गेले. दादा त्या दिवसानंतर पूलमध्ये उतरला नाही. रात्री खाज, म्हणून झोप नाही. झोप नाही, म्हणून सकाळी व्यायाम नाही. चिडचिड झाली की फरसाणची पिशवी जवळ. चक्र चालू.

मग आधी काय? याचं उत्तर शोधायचा प्रयत्न झालाय. अमेरिकेतल्या ७८,६२६ नर्सेसना १४ वर्षं फॉलो करणारा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला त्यांच्यापैकी कोणालाही सोरायसिस नव्हता. उंची-वजनाचा हिशोब सांगणारा बीएमआय ज्यांचा २१ ते २२.९ होता, त्यांच्या तुलनेत ३५ किंवा त्याहून जास्त बीएमआय असलेल्या बायकांना पुढे सोरायसिस होण्याचा धोका २.६९ पट निघाला. २५ ते २९.९ च्या गटातही तो १.४ पट होता. म्हणजे वजन आधी, आजार नंतर, असा क्रम इथे दिसला.

तरी शंका उरतेच. जाड माणसं कदाचित व्यायाम कमी करत असतील, ताण जास्त घेत असतील, खरं कारण तिसरंच असेल. म्हणून संशोधकांनी एक भारी आयडिया वापरली. वजन वाढायला अनुकूल जनुकं काही जणांना जन्मतः मिळतात. ती जन्माआधीच ठरतात, पुढे ऑफिस, ताण किंवा चट्टे ती बदलू शकत नाहीत. मग अशी जनुकं असलेल्यांत सोरायसिस जास्त आहे का, हे बघायचं. ब्रिटन आणि नॉर्वेतल्या मोठ्या माहितीसाठ्यांवर आधारलेला असा अभ्यास २०१९ मध्ये आला. बीएमआय एका अंकाने वाढला की सोरायसिसची शक्यता साधारण ९ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. पाच फूट सात इंचांच्या माणसासाठी बीएमआयचा एक अंक म्हणजे जवळपास तीन किलो. उलट्या दिशेने, म्हणजे सोरायसिसच्या जनुकांमुळे वजन वाढतं, याला मात्र फारसा पुरावा मिळाला नाही.

म्हणजे जैविक बाण मुख्यतः वजनाकडून त्वचेकडे जातो. पूलमधले काका, मोडलेली झोप आणि फरसाण हे आपण माणसांनी जोडलेले परतीचे बाण. तेही तितकेच खरे.

पण थांबा, लगेच कोणाच्या पोटाकडे बोट दाखवू नका. त्या ७८,६२६ नर्सेसपैकी १४ वर्षांत सोरायसिस झाला ८९२ जणींना. म्हणजे शंभरात साधारण एकीला. बहुतेक वजनदार बायकांना तो झाला नाही आणि सडपातळ असलेल्या काहींना झाला. वजन धोका वाढवतं, पण सोरायसिस झाला म्हणून माणूस आळशी किंवा खादाड ठरत नाही.

बारीक मंडळी, तुम्हीही ऐका

"आपण काय बाबा, फिट आहोत," असं म्हणत पान उलटणाऱ्यांसाठी एक पुणेरी किस्सा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नावाजलेल्या नियतकालिकात स्वतःचे दोन फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबीदार, ही आपली भारतीय ठेवण.

हे काम मधुमेहाच्या संदर्भातलं आहे, सोरायसिसच्या नाही. पण धडा आपल्यालाही लागू होतो. सुजेचे निरोप पाठवणारी चरबी मुख्यतः पोटातली असते आणि ती आपल्याकडे कमी वजनातही जमते. म्हणूनच भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये आपल्यासाठी वेगळ्या रेषा आखल्या. बीएमआय २३ च्या वर गेला की जादा वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरपर्यंत, बायकांची ८० पर्यंत. जीन्सचा नंबर कळतो तेवढा पुरत नाही, टेप घ्या आणि बेंबीच्या आसपास मोजा. पोट आत न ओढता, प्लीज.

दहा आठवड्यांचं क्रॅश

आता पुन्हा दादाकडे. 'पहिलं वजन उतरवा' हे त्याने मनावर घेतलं. इंजिनीअर माणूस, एक्सेल शीट बनवली. सकाळी काकडी, दुपारी सूप, रात्री पपई. दहा आठवड्यांत आठ किलो उतरले. सोबत त्याने मलमही सोडून दिलं. वजन उतरलं की कातडी आपोआप साफ होणार होती ना!

झाली नाही. उलट टाळू आणि पाठ जास्त बिघडली. दादा त्या रात्री काट्यावर उभा राहिला, ८४ चा आकडा बघितला, आरशात पाठ बघितली आणि काटा पलंगाखाली ढकलून दिला. "मला फसवलं असं वाटलं," तो मला म्हणाला. "मी माझं काम केलं होतं, शरीराने केलं नाही." चार महिन्यांत सहा किलो परत आले.

मध्येच एक बघण्याचा कार्यक्रम झाला. मुलीच्या आईने कोपराकडे बघून विचारलं, "हे काय?" मावशी घाईघाईने म्हणाली, "उन्हाची ॲलर्जी." दादा गप्प बसला. त्या स्थळाकडून पुढे काहीच आलं नाही. घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही. "नकारापेक्षा ते 'उन्हाची ॲलर्जी' जास्त लागलं," तो म्हणतो.

चूक कुठे झाली? डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात याचं अर्धं उत्तर आहे. सोरायसिस असलेल्या ६० लठ्ठ पेशंट्सचे दोन गट केले. एकाला १६ आठवडे कडक कमी कॅलरीचा आहार दिला. त्या गटाचं वजन दुसऱ्यापेक्षा तब्बल १५.४ किलो जास्त उतरलं. चट्ट्यांमध्ये सुधारणेकडे कल दिसला, पण फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेसा ठरला नाही. रोजचं जगणं किती सुसह्य झालं याच्या मोजमापात मात्र स्पष्ट फायदा दिसला. हे २०१३ चं काम. म्हणजे पंधरा किलो उतरवूनही कातडी आरशासारखी लख्ख होईलच याची गॅरंटी नाही.

मग औषधाच्या जोडीला वजन उतरवलं तर? इथे चित्र पालटतं. इटलीतल्या २००८ च्या एका अभ्यासात ६१ लठ्ठ पेशंट्सना सायक्लोस्पोरिन हे औषध कमी मात्रेत दिलं. अर्ध्यांना सोबत कमी कॅलरीचा आहार. २४ आठवड्यांनी, सोरायसिस किमान ७५ टक्के कमी झालेल्यांचं प्रमाण नुसत्या औषधाच्या गटात २९ टक्के होतं. औषध अधिक आहार या गटात ६६.७ टक्के! आणि आहारवाल्यांनी वजन किती उतरवलं होतं? सरासरी सात टक्के. म्हणजे ९० किलोच्या माणसाने साधारण सहा किलो. इटलीतच २०१४ मध्ये ३०३ पेशंट्सवर झालेल्या अभ्यासात २० आठवडे आहार आणि व्यायाम करणाऱ्यांच्या सोरायसिसची तीव्रता ४८ टक्क्यांनी कमी झाली. ज्यांना वजनाबद्दल फक्त माहिती सांगितली होती, त्यांची २५.५ टक्क्यांनी.

फंडा लक्षात आला का? वजन उतरवणं हे औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला. दादाने नेमकं उलटं केलं होतं.

औषधालाही वजन कळतं

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे तो बहिणीच्या धाकाने गेला. त्यांनी अर्धा तास दिला. आधी मोजमाप. पेशंटचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. दादाचे चट्टे निघाले नऊ तळहात. मग त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, पोटाची सोनोग्राफी केली. निघालं फॅटी लिव्हर आणि साखर काठावर.

इथे वजनाचा आणखी एक पैलू कळतो. सोरायसिसवरचं जुनं, स्वस्त आणि चांगलं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. पण लठ्ठपणा, मधुमेह आणि दारू यांमुळे त्याचा लिव्हरला होणारा धोका वाढतो. म्हणजे वजन वाढलं की औषधांचे पर्यायही आखडतात. नव्या जमान्याची महागडी बायोलॉजिक इंजेक्शनंही याला अपवाद नाहीत. त्यांतल्या उस्टेकिनुमॅबचा डोस सोरायसिससाठी १०० किलोपर्यंत ४५ मिलिग्रॅम असतो आणि त्याच्या वर गेलात की दुप्पट, ९०. काट्यावरचा आकडा असा थेट इंजेक्शनच्या डोसपर्यंत पोहोचतो.

डॉक्टरीणबाईंनी दादाला मेथोट्रेक्सेट दिलं नाही. मलमं आणि आठवड्यातून तीनदा फोटोथेरपी, म्हणजे ठरावीक लहरींच्या अतिनील प्रकाशाचे शेक, सुरू केले. मग म्हणाल्या, "वजनाचं आपण टार्गेट ठेवू. वर्षभरात पाच-सहा किलो. चालेल?" दादा हसलाच. "एवढंच?" त्यावर त्या म्हणाल्या, "एवढंच. पण परत येऊ द्यायचं नाही."

मग नक्की करायचं काय?

आहार: सोरायसिस बरा करणारं जादूचं डाएट नाही. अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये सगळा पुरावा तपासला. त्यांनी ठामपणे सुचवलेली मुख्य गोष्ट म्हणजे, वजन जास्त असेल तर कमी कॅलरीच्या आहाराने ते उतरवा. ग्लुटेन सोडायचा सल्ला सरसकट सगळ्यांसाठी नाही, गव्हाचा त्रास तपासणीत दिसला तरच. वांगं आणि दही बिचारं उगीच बदनाम. दादाने केलं ते इतकंच: रात्रीचं जेवण साडेआठला, त्यात भाकरी, उसळ, कोशिंबीर. कॅन्टीनचा समोसा रोजऐवजी शुक्रवारी. चहा सहाऐवजी दोन कप, साखर अर्धी.

हालचाल: जिम परवडत नसेल किंवा लाज वाटत असेल तर चाला. सुती आणि सैल कपडे घाला. घाम आला की लगेच अंघोळ, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर किंवा साधं खोबरेल. सांधे सकाळी आखडत असतील, बोटं सुजत असतील, तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगा. तो सोरायसिसचा संधिवात असू शकतो.

सिगारेट आणि दारू: दोन्हींचा सोरायसिसशी संबंध आहे. दारूचा वजनाशी आणि लिव्हरशीही. फ्रायडे नाइट असो की ऑफसाइट, आकडेमोड बदलत नाही.

मलम: 'तीन औषधं एकत्र' असलेली स्टिरॉइडची मलमं मनाने लावू नका. २०१८ मध्ये सरकारने स्टिरॉइडच्या अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीची बंदी केली, ती उगीच नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं घेऊन अचानक थांबवली तर सोरायसिस भयंकर उसळू शकतो. गावाकडच्या 'हमखास' पुडीत काय आहे हे पुडी देणाराही सांगत नाही, हे लक्षात ठेवा.

वजनाची इंजेक्शनं: मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड भारतात आलं आणि ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी सगळे एक्स्पर्ट झाले. ती औषधं मधुमेह आणि वजनासाठी आहेत. घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. तुमच्या त्वचेच्या डॉक्टरांना मात्र अंधारात ठेवू नका.

तपासणी: सोरायसिस असेल तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि कंबर यांच्यावर नियमित नजर ठेवा, मग तुम्ही पंचविशीत का असेना. मन खचत असेल तर तेही सांगा. उदासी हा या आजाराचा नेहमीचा सोबती आहे आणि तिच्यावरही उपचार आहेत.

आणि तुम्ही पेशंट नसाल, त्याचे मित्र, बहीण किंवा मावशी असाल तर? 'बारीक हो' म्हणू नका. 'मीही येतो चालायला' म्हणा. माझ्या मावशीने वांग्यावरची बंदी उठवली आणि संध्याकाळी सातला स्वतः चपला घालून दारात उभी राहायला लागली. एक्सेल शीटला जे जमलं नाही ते या चपलांना जमलं.

काळा शर्ट, पुन्हा

आठ महिने झाले. दादाचं वजन ९० वरून ८३ वर आलंय. चट्टे नऊ तळहातांवरून तीनवर. टाळू अजून त्रास देते, कोपरं हट्टी आहेत. सोरायसिस गेलेला नाही. तो येत-जात राहतो, थंडीत जरा जास्तच, आणि हे दादाला आता कळलंय. साखर मात्र काठावरून मागे सरकली आहे.

मधल्या काळात आणखी एक स्थळ आलं. या वेळी भेटायच्या आधी फोनवरच त्याने सांगून टाकलं, "मला सोरायसिस आहे. कोणाला लागत नाही, पण पूर्ण जातही नाही." पलीकडून जरा शांतता. मग मुलगी म्हणाली, "माझ्या काकांना आहे. तू औषध नीट घेतोस ना?" पुढे काय होईल ते दोघं बघतील. मावशीने नाक खुपसू नये अशी तिला सक्त ताकीद आहे.

गेल्या महिन्यात त्याच्या ऑफिसच्या पार्टीचा ड्रेसकोड होता 'ऑल ब्लॅक'. दादाने शर्टाचा टॅग कापला. बटणं लागली, पोटाशी अजून जरा ओढत होती. पार्टीत एका नवीन पोराने त्याच्या खांद्याकडे बोट दाखवलं, "सर, इथे काहीतरी पडलंय."

दादाने खांदा झटकला.

"सोरायसिस आहे," तो म्हणाला. "तू स्टार्टर घेतलंस का?"